प्रवासाचे ओझे आणि दुसरा लॅपटॉप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील एका मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या मासिक सभेत आजवर ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्या मालिकेत आम्ही आज जो विषय घेऊन उभे आहोत, तो ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. प्रवासासाठी दुसरा, वजनाने हलका लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा, हा तो विषय. आम्ही साधे बी. ए.; यंत्रशास्त्राचा आणि आमचा संबंध वापरण्यापुरताच. परंतु या एका प्रश्नाने आमचे जवळजवळ वर्ष खाल्ले, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता काही गोष्टी अशा उमगल्या की ज्या घरापासून दूर राहणाऱ्या आपणांसारख्या कुटुंबांच्या उपयोगी पडतील. म्हणून कार्यवाहांनी 'काहीही बोला, पण बोला' असे सांगताच आम्ही हा विषय सुचविला.

आपण सारेच प्रवासी आहोत. नोकरीने येथे आणले, आणि वर्षातून दोनदा-चारदा पाय गावाकडे वळतात. हावडा ते पुणे हा आझाद हिंद एक्स्प्रेसचा दीड दिवसाचा प्रवास आमच्या अंगवळणी पडला आहे. आमच्या वडिलांच्या काळी प्रवास म्हणजे लोखंडी ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तीत वर्गभेद नव्हता. त्या वेळचे रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी घालण्याचे धोरण आणले, आणि वळकटीची गरज हळूहळू संपत गेली. एका मराठी माणसाने साऱ्या देशाच्या खांद्यावरून एक ओझे उतरविले, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. पण मनुष्यस्वभाव असा की एक ओझे उतरले की तो दुसरे उचलतो. वळकटी गेली आणि तिच्या जागी लॅपटॉपची बॅग आली.

आमचा लॅपटॉप २०१९ साली घेतलेला. पंधरा इंचांहून मोठा पडदा, भरभक्कम देह. चिरंजीवांच्या शिक्षणासाठी तो घेतला. ते नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेले आणि तो आमच्याकडे आला. घरच्या टेबलावर त्याच्याविरुद्ध आमची कसलीही तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती पुणे स्टेशनच्या पादचारी पुलावर. आमचे गाव वाई. पुण्यास उतरावे, रिक्षाने स्वारगेट गाठावे, आणि तेथून एसटीने वाई. रेल्वे वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या प्रवाशास चाळीस किलो सामान विनामूल्य नेऊ देते. परंतु अठ्ठावन्न वर्षांचा खांदा रेल्वेचे नियम मानीत नाही.

येथे कोणी विचारील, सरकारी अधिकाऱ्यास सरकार लॅपटॉप देत नाही काय? जुलै २०२३ मध्ये वित्त मंत्रालयाने आदेश काढला. उपसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांना एक लाख रुपये अधिक कर इतक्या किमतीपर्यंतचे उपकरण कार्यालयीन कामासाठी देता येईल, असे त्यात आहे. आम्ही त्या पायरीच्या खालच्या इयत्तेत. शिवाय कार्यालयाचे यंत्र कार्यालयाच्याच कामाचे. त्यावर घरचे कागद ठेवू नयेत, हे आम्ही कनिष्ठांना सांगतो, तेव्हा आपणही पाळलेच पाहिजे. म्हणजे प्रश्न आमच्याच खिशाचा होता.

आता हा प्रश्न उद्भवला कसा, ते सांगतो. २०२४ च्या दिवाळीत आम्ही वाईस गेलो. आमच्या मातोश्री तेथे धाकट्या बंधूंकडे असतात. वय त्र्याऐंशी, प्रकृती ठीक, पण स्मरण आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. सकाळचा चहा झाल्यावर तास-दीड तास त्यांचे चित्त अगदी स्वच्छ असते. दुपारनंतर नावे निसटू लागतात. त्या सकाळच्या तासात त्या जुन्या आठवणी सांगतात, आणि त्या लिहून ठेवाव्यात असे आम्ही कित्येक दिवस ठरवीत होतो. मात्र त्या खेपेस लॅपटॉप आम्ही कोलकात्यासच ठेवला होता. कारण एकच : वजन.

आणि नेमके त्याच खेपेस त्यांनी कोयनेच्या भूकंपाची हकीकत सांगितली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्यांचे माहेर पाटण तालुक्यातले. आम्ही तेव्हा काही महिन्यांचे, त्यांच्या कुशीत. घर हलू लागले, कौले घसरू लागली, आणि आमच्या मातोश्री आम्हांस उराशी धरून अंगणात धावल्या. बाहेर कडाक्याची थंडी. शेजारच्या एका बाईने अंगावरची गोधडी काढून आमच्याभोवती गुंडाळली आणि स्वतः लुगड्याच्या पदरावर रात्र काढली. मातोश्रींनी त्या बाईंचे नाव सांगितले, त्यांच्या घराचे, मुलाबाळांचे वर्णन केले. आम्ही ऐकले, डोळे टिपले, आणि मनाशी म्हणालो, पुढच्या खेपेस लॅपटॉप आणू आणि हे सारे नीट लिहून घेऊ.

पुढची खेप २०२५ च्या गुढीपाडव्याची. या वेळी जड लॅपटॉप खांद्यावर वाहून नेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तो उघडून बसलो आणि म्हणालो, "आई, त्या गोधडीवाल्या बाईंचे नाव काय म्हणालीस?" मातोश्री बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, आत्ता होतं बघ ओठावर." ते नाव पुन्हा आले नाही. आम्हांसही आठवेना. ज्या माऊलीने आपल्या अंगावरचे पांघरूण काढून आम्हांस जगविले, तिचे नाव आज जगात आमच्या घरी कोणासही ठाऊक नाही.

श्रोतेहो, येथे एक कबुली दिली पाहिजे. दिवाळीत आमच्यापाशी लॅपटॉप नव्हता, हे खरे. पण घरात वही होती आणि खिशात पेन होते. नाव लिहावयास एक ओळ पुरे झाली असती. यंत्र नाही म्हणून लिहिले नाही, ही सबब झाली. दोष वजनाचा नव्हता, आमचा होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण वस्तू घेण्याची इच्छा मनात आली की मनुष्य आपल्या हलगर्जीपणाचा ठपकाही वस्तूच्या अभावावर ठेवतो. तेव्हा पहिला धडा हा की खिशात एक लहान वही ठेवावी. तिचे वजन शंभर ग्रॅम, आणि ती चार्ज करावी लागत नाही.

मग फोन का नको, असे तरुण मंडळी विचारतील. तेही करून पाहिले. आवाज मुद्रित करण्यासाठी फोन पुढे ठेवला की मातोश्री पदर सावरून ताठ बसतात आणि आकाशवाणीवर बोलल्यासारख्या बोलू लागतात. त्यात हकीकत राहते, पण जीव राहत नाही. बोललेले आपोआप लिहिण्याची सोय मराठीतही आता आहे, परंतु माजघर, उतरंड, घंगाळ असले त्यांचे शब्द त्या यंत्राला अनेकदा ओळखता येईनात. आणि अंगठ्यांनी पानेच्या पाने लिहिणे आमच्या पिढीला साधत नाही. समोर बसून, मधून मधून 'हं, मग?' म्हणत, दोन्ही हातांनी टंकलेखन करीत जावे, हीच रीत जमली. तेव्हा लॅपटॉपची गरज खरी आहे, एवढे ठरले. प्रश्न उरला तो ओझ्याचा.

ओझ्याचा विचार करावयाचा तर आधी ओझे मोजावे, हा कार्यालयीन शिस्तीचा भाग. एका रविवारी रद्दीवाला आला असता त्याच्या काट्यावर आम्ही आमची बॅग ठेवली. तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, "दादा, एटा बेचबेन?" आमच्या सौभाग्यवतींनी तत्काळ भाव विचारला, हे सांगावयास नकोच. असो. सारी बॅग भरली तीन किलो सातशे ग्रॅम. मग एकेक वस्तू वेगळी मोजली. लॅपटॉप दोन किलो दोनशे, चार्जर व त्याची जाड तार साडेचारशे, माऊस आणि त्याखालची गादी दीडशे, आणि रिकामी बॅग नऊशे ग्रॅम!

या आकड्यांनी आमचे डोळे उघडले. दुकानात पाहिलेला चौदा इंची हलका लॅपटॉप एक किलो दोनशे ग्रॅमचा होता, आणि त्याचा चार्जर दोनशेचा. तो साध्या कापडी पिशवीत घालून नेला तर पिशवीचे दोनशे धरून एकूण एक किलो सहाशे. म्हणजे बचत दोन किलो शंभर ग्रॅमची. पण तीत यंत्राचा वाटा केवळ एक किलोचा. उरलेले अकराशे ग्रॅम चार्जर, माऊस आणि बॅग यांचे. बॅगेला आणि माऊसला फाटा दिल्यास साडेआठशे ग्रॅम फुकटात वाचतात, त्यासाठी दुकानाची पायरी चढावयास नको. म्हणून २०२५ च्या गणपतीत आम्ही जुनाच लॅपटॉप कापडी पिशवीत गुंडाळून नेला. फरक जाणवला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुण्याच्या पुलावर खांद्याने पुन्हा तक्रार केलीच. आणि गाडीत दुसरी अडचण उभी राहिली. जुनी बॅटरी दीड तासात मान टाकी. गाडीत सॉकेट असतात, पण ते अनेकांत वाटून घ्यावयाचे; शिवाय अग्निसुरक्षेसाठी रात्री अकरा ते पहाटे पाच ते बंद ठेवण्याच्या सूचना रेल्वेने २०२१ मध्ये दिलेल्या आहेत. दीड दिवसाच्या प्रवासात लिहिण्यास निवांत वेळ मिळतो तो नेमका या वेळांच्या आसपास.

मग आम्ही पर्याय मांडले. पहिला पर्याय जुन्याचीच डागडुजी करण्याचा. नवी बॅटरी घालावी आणि फिरती चकती असलेली जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी. चकती गेली की यंत्र चपळ होते आणि धक्क्यांनी बिघडण्याचे भयही कमी होते. खर्च थोडा, लाभ मोठा. ज्यांचे यंत्र घरीच असते त्यांनी दुसरे घेण्याआधी हे अवश्य करावे. वजन मात्र यात तेवढेच राहते.

दुसरा पर्याय टॅबलेटचा. पाटी अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणून मन ओढ घेते. पण वेगळा कळफलक आणि त्याचे आवरण जोडले की एकूण वजन हलक्या लॅपटॉपच्या जवळ जाऊन पोहोचते. शिवाय टेबलावर तो नीट उभा राहतो, मांडीवर मात्र डुलतो. आणि गाडीत टेबल कोठले? वाचन, चित्रपट आणि नातवंडांशी बोलणे एवढेच ज्यांचे काम, त्यांना टॅबलेट पुरेसा आहे. लिहिणाऱ्यास तो पुरत नाही.

तिसरा पर्याय वापरलेल्या यंत्राचा. मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी निघालेले चौदा इंची मजबूत लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात, आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. घेताना बॅटरी किती झिजली आहे, बिजागरी सैल आहे काय, चार्जिंगचे छिद्र हलते काय, हे पाहावे. आणखी एक गोष्ट. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. त्याआधीचे यंत्र स्वस्त मिळाले तरी ते महागच. आमचा २०१९ चा लॅपटॉप या परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण झाला.

चौथा पर्याय परदेशी असलेल्या भाच्या-पुतण्यांना सांगण्याचा. आपल्यापैकी पुष्कळांना हा मोह होतो. परदेशातून येणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, हे खरे. चार्जरचीही चिंता नाही. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, केवळ पिनेचा आकार बदलावा लागतो. पण हमी येथे लागू आहे काय, हे आधी विचारावे. कित्येकदा ती ज्या देशात यंत्र घेतले त्याच देशापुरती असते. भाचा परत गेला की बिघडलेले यंत्र आणि आपण, दोघेच समोरासमोर.

पाचवा पर्याय नवे, हलके यंत्र घेण्याचा. किंमत अडुसष्ट हजार रुपये. आम्ही कागद घेऊन हिशेब केला. वर्षाकाठी सहा प्रवास, यंत्राचे आयुष्य पाच वर्षे, म्हणजे तीस प्रवास. दर प्रवासास सुमारे दोन हजार दोनशे सदुसष्ट रुपये पडतात. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढ्यात दर खेपेस हमाल करा, वर त्याला जेवू घाला." उत्तर बिनतोड होते. आम्ही कागद घडी करून ठेवला.

त्यानंतर काही दिवस आम्ही निराळाच खेळ खेळलो : थांबण्याचा. पुढच्या महिन्यात किंमत उतरेल, नवे मॉडेल येईल, कर कमी होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर उतरला. दूरचित्रवाणी संच स्वस्त झाले. लॅपटॉपवरील अठरा टक्के मात्र होता तसाच राहिला. वाट पाहण्याचे हे दुखणे नवे नाही. त्याला संगणकाच्या व्यवसायात एक नावच आहे, आणि त्या नावाच्या धन्याचा आपल्या देशाशी संबंध आहे, म्हणून ती कथा थोडक्यात सांगतो.

हलक्या, सोबत नेण्याजोग्या संगणकाचे स्वप्न १९७२ साली अमेरिकेत ॲलन के या संशोधकाने कागदावर मांडले. मुलांच्या हाती देता येईल असा, वहीएवढा, चार पौंडांहून कमी, म्हणजे सुमारे एक किलो आठशे ग्रॅमच्या आतला संगणक त्याने कल्पिला. नाव दिले डायनाबुक. ते यंत्र त्या रूपात कधी बनले नाही. प्रत्यक्षात बाजारात आला तो १९८१ साली ॲडम ऑस्बर्न यांचा 'ऑस्बर्न १'. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, बॅटरी नाही. विमानाच्या आसनाखाली मावतो, ही त्याची थोरवी! ऑस्बर्न यांचे बालपण बऱ्याच अंशी तमिळनाडूत गेले. त्यांचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त. ॲडम ऑस्बर्न २००३ साली कोडाईकनाल येथे निवर्तले. त्यांचा संगणक हातोहात खपत असतानाच पुढील, अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता झाली. गिऱ्हाईक नव्याची वाट पाहत थांबले, जुन्याचा खप ढासळला, आणि १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले, असे सांगतात. दिवाळ्याची इतरही कारणे होती असे जाणकार म्हणतात, पण या प्रकारास 'ऑस्बर्न परिणाम' हे नाव चिकटले ते चिकटलेच. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखविला, तेव्हा त्याचे वजन तीन पौंड होते. अकरा किलोंपासून सव्वा-दीड किलोपर्यंत येण्यास सत्तावीस वर्षे लागली. या साऱ्या काळात जो 'आणखी हलका येऊ दे' म्हणून थांबला, तो थांबूनच राहिला. कंपनी बुडाली तर पुन्हा काढता येते. मातोश्रींची सकाळ मात्र पुन्हा येत नाही. हा विचार मनात आला आणि आमचा कागदावरचा हिशेब आम्हांसच अपुरा वाटू लागला. तीस प्रवास आम्ही मोजले होते. पण त्या प्रवासांच्या शेवटी जी व्यक्ती आहे, तिच्या किती सकाळी उरल्या आहेत, हे कोणास मोजता येते?

तरीही 'दुसरा' या शब्दाशी आमचे मन अडखळत होते. दोन यंत्रे म्हणजे दोन घरे, आणि दोन घरांचा अनुभव आपणा सर्वांना आहे. किसणी येथे तर पाट-वरवंटा तेथे. जो दाखला हवा तो नेमका दुसऱ्या घरच्या कपाटात. दोन लॅपटॉपांचेही तसेच होते. एकावर लेखाची दहा पाने, दुसऱ्यावर त्याचीच आठ पाने पण सुधारलेली, खरी कोणती? आम्ही कार्यालयात आयुष्यभर एकच नस्ती ठेवा, तिच्या पिलावळी काढू नका असे सांगत आलो. तेच येथे लागू. कागदांना मूळ घर एकच असावे. इंटरनेटवरील एकच साठा ठरवावा, दोन्ही यंत्रांनी त्यातूनच घ्यावे आणि त्यातच ठेवावे. शिवाय महिन्यातून एकदा सारे एका वेगळ्या खिशातल्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवावी. ज्यांना ही शिस्त साधणार नाही, त्यांनी दुसरा लॅपटॉप घेऊ नये. ओझे खांद्यावरून उतरून डोक्यात शिरेल.

याच ओघात मराठी लेखनाविषयी एक सूचना. मंडळाची पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका ज्या चकतीवर जपून ठेवली होती, ती या वर्षी आम्ही जुन्या लॅपटॉपवर उघडली. अक्षरे दिसली, पण मराठी दिसले नाही; रोमन चिन्हांची रांगोळी दिसली. तो मजकूर त्या काळच्या विशिष्ट फाँटमध्ये होता, आणि तो फाँट आज कोणापाशी नाही. छापील प्रत होती म्हणून मंडळाचा इतिहास वाचला. आता जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे ते कोणत्याही यंत्रावर वाचता येईल. भारतीय भाषांसाठी १९८६ साली प्रमाण ठरलेली इन्स्क्रिप्टची कळरचना बहुतेक संगणकांत उपजतच असते. आठवड्याभराच्या सरावाने हात बसतो. नवे यंत्र घेताना दुकानातच दोन ओळी मराठी लिहून पाहाव्या. लहान कळफलकावर बोटे अडखळतात की काय, ते तेथेच कळते.

शेवटी निर्णय सुचविला तो आमच्या धाकट्या बंधूंनी. दूरध्वनीवर सारी कैफियत ऐकून ते म्हणाले, "दादा, नवा हलका तूच घे आणि तोच नेहमी वापर. जुना इथे वाईला आणून ठेव. आईला मोठा पडदा होईल." ज्या गाठीशी आम्ही वर्षभर झुंजत होतो, ती एका वाक्यात सुटली. आम्ही दुसरा लॅपटॉप प्रवासासाठी आणि पहिला घरासाठी असे धरून चाललो होतो. वास्तविक उलट हवे होते. जे हलके ते नित्याचे करावे. जे जड ते एका जागी स्थिर करावे, आणि ती जागा अशी निवडावी की जेथे त्या जडपणाचाही उपयोग आहे.

दुर्गापूजेची सुटी संपताच आम्ही यंत्र घेतले. घेताना दोन गोष्टी पाहिल्या. हलक्या लॅपटॉपांत स्मृती बहुधा आत कायमची जोडलेली असते, मागाहून वाढविता येत नाही. म्हणून आरंभीच सोळा जीबी घेतली. आणि चार्जर असा घेतला की ज्यावर फोनही चालतो, म्हणजे पिशवीतून आणखी एक तार कमी. हलक्या यंत्राला छिद्रे कमी असतात आणि सीडी तर चालतच नाही, हे तोटेही ध्यानात असू द्यावे. विमानाने जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की देशांतर्गत विमानांत हातातील सामानाची मर्यादा सामान्यतः सात किलोची असते, आणि पॉवर बँक सोबत ठेवावयाची असते, सोपविलेल्या सामानात नव्हे.

आता गंमत ऐका. ओझे हलके करण्यासाठी घेतलेल्या या यंत्राच्या पहिल्याच प्रवासात आमचे ओझे सर्वांत जड झाले. २०२५ च्या दिवाळीस दोन्ही लॅपटॉप सोबत होते. एकूण सव्वाचार किलो. पुण्याच्या पुलावर आम्ही निमूटपणे हमाल केला. सौभाग्यवतींनी काही म्हटले नाही, केवळ आमच्याकडे पाहिले.

जुना लॅपटॉप आता वाईच्या माजघरात, देवघराशेजारच्या टेबलावर आहे. पुतण्याने त्याला नवी बॅटरी आणि एसएसडी बसविली. मातोश्री त्यावर बेंगळुरूच्या नातवाशी बोलतात, आणि चष्मा शोधावा लागत नाही म्हणून समाधान मानतात. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, आणि १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो विश्वकोश आज त्या पडद्यावर वाचता येतो. एकेक खंड उचलावयास दोन हात लागत. आता पुतण्या एका बोटाने उघडतो.

आणि आमचा हलका लॅपटॉप? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, आम्ही तो मांडीवर घेऊन मातोश्रींच्या समोर बसलो. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, आणि म्हणाल्या, "एवढासाच? यात सगळं मावतं?" त्या खेपेच्या आठ सकाळींत एकवीस पाने झाली. त्या बाईंचे नाव त्यांत नाही. ती जागा आम्ही तशीच कोरी ठेवली आहे. पाटणकडचे कोणी नातलग भेटले की विचारतो. शेवटच्या दिवशी मातोश्री म्हणाल्या, "लिहिलंस ते वाचून दाखव बघू." आम्ही भूकंपाचे पान वाचले. मध्येच त्यांनी हात वर केला. "निळी गोधडी नव्हती रे. लाल काठाची होती. नीट लिही." आम्ही तेथल्या तेथे दुरुस्ती केली.

बंधुभगिनींनो, दुसरा लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर आम्हांपाशी नाही. आधी ओझे मोजा, बॅग बदला, जुन्याची डागडुजी करून पाहा, कागदांचे मूळ घर एकच ठेवा, आणि मग स्वतःस विचारा की हे यंत्र घेऊन आपण कोणापाशी जाऊन बसणार आहोत. त्या प्रश्नाला उत्तर असेल, तर घ्या, आणि फार थांबू नका. उत्तर नसेल, तर ते पैसे रेल्वेच्या तिकिटावर खर्च करा. आणि दोन्ही परिस्थितींत खिशात एक वही असू द्या.